कपारवाडीला जाणारी गाडी

१४ ऑक्टोबर १९७२, शनिवार

नगरच्या मिलिटरी वर्कशॉपात अकरा वर्षं होतो. तिथे दिवसभरात काय काम केलं ते संध्याकाळी वहीत लिहावं लागे. लिहायचो मी, खाली सही करायचा सुपरवायझर. काम माझं, शाबासकी त्याची. गेल्या वर्षी मी ती नोकरी त्याच्या तोंडावर फेकली आणि खर्ड्यात येऊन जामखेड रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. बायको, पुष्पावती, शेजारणींना सांगते की मला काढून टाकलं. सांगू दे. नोकरी गेली तरी लिहायची सवय काही जात नाही.

आज लिलावातली गाडी आणली. मिलिटरीने मोडीत काढलेली पिकअप. पुढे तिघांची बैठक, मागे उघडा हौदा, आणि मुख्य म्हणजे इंजिनची ओढ चारही चाकांना आहे. अशी गाडी या तालुक्यात दुसरी नाही. ती कशी घेतली ते पुष्पावतीच्या गळ्याकडे बघितलं की कळतं. तिथे बोरमाळ होती.

ती दारात उभी राहून म्हणाली, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. ह्ये चालतंय तरी का?"

म्हटलं, चालवून दाखवतो. ती म्हणाली, "चालवा की. जायचंय कुटं?"

जायचंय कपारवाडीला. माझी थोरली बहीण मनकर्णाआक्का तिथे दिली आहे. खर्ड्यापासून तीन मैलांवर डोंगराचा पायथा आणि वर दोन मैल चढ. वाट म्हणजे कोरडा ओढा. त्यात खडकाच्या तीन पायऱ्या आहेत. मधली, म्हसोबाची पायरी म्हणतात ती, चांगली गुडघ्याएवढी. बैलगाडी न्यायची तर चाकं काढून माणसांनी उचलून न्यावी लागते. मोटार तिथे कधीच गेलेली नाही. माझी जाणार.

१० नोव्हेंबर

भाऊबीजेला कपारवाडीला जाऊन आलो. चालत. पाऊस पडलाच नाही म्हटल्यावर शेतात बघण्यासारखं काहीच नव्हतं. आक्काने ओवाळलं, पण ताटात रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकर होती आणि ती वाढताना तिने तोंड दुसरीकडे केलं. आमच्या आईच्या हातची पोळी खाल्लेली पोर आहे ती.

तिचा नवरा भिमाजी, म्हणजे आमचे दाजी, वाडीचा पुढारी. चार वर्षं रस्त्यासाठी अर्ज करतोय. आता सरकारने दुष्काळी कामं काढली आहेत आणि ज्या वाडीला वाहन पोचत नाही तिचा रस्ता आधी धरायचा, असा नियम झालाय. कपारवाडीचा रस्ता धरला तर वाडीच्या साठ घरांना दारातच काम मिळेल. नाही धरला तर घराला कुलूप लावून नऊ मैलांवर तलावाच्या कामावर जाऊन राहायचं. अडलंय एवढंच की साहेबाने जागा डोळ्यांनी बघितली पाहिजे. आजवर तीन साहेब पायथ्यापर्यंत आले, चढ बघितला, आणि "पाहणी होऊ शकली नाही" असं लिहून परत गेले.

मी म्हटलं, "दाजी, मी आनतो सायबाला वर. माज्या गाडीत बसवून. पोटातलं पानी हलू देनार न्हाई."

दाजी तंबाखू मळत होता. म्हणाला, "गाडीत नगं. चालत आनायचा. गुडगं फुटू द्यात, पायाला फोड येऊ द्यात. मंग त्याच्या हातनं रस्ता लिवला जाईल."

"चालत येत न्हाई म्हनून तर चार वर्सं गेली."

"जाऊ द्यात अजून येक. गाडीत बसल्याला मान्साला रस्ता कशाला दिसतोय?"

मी ओळखून आहे त्याला. माझ्या लग्नात त्याने भर मांडवात सांगितलं होतं, आमचे पाव्हणे नगरला मिलिटरीच्या मोटारी पुसतात. आता त्याच मोटारी पुसणाऱ्याच्या हातून त्याच्या वाडीचं काम होणार, हे त्याच्या घशाखाली उतरत नाही. माणसाला स्वतःचं भलंसुद्धा दुसऱ्याच्या हातून नको असतं.

२१ नोव्हेंबर

गाडी चार ओंडक्यांवर उचलून ठेवली आहे. अडचण लिहून ठेवतो म्हणजे डोकं साफ राहील. दोन चाकांच्या मधे आक्सलला लोखंडी गोळा असतो. म्हसोबाच्या पायरीला तो आपटणार. गोळा वर जायला हवा तर चाकं मोठी हवीत. मोठी चाकं बसवली तर ती वरच्या अंगाला घासतात, म्हणून अंगच उचलायला हवं. या गाडीला पाटे, म्हणजे अंग तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आक्सलच्या खाली लटकवलेले आहेत. ते काढून आक्सलच्या वर बसवले की अंग सहा इंच वर जातं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी आडवा पडून तीन दिवस नुसता बघत होतो, तेव्हा सुचलं.

छगन लोहाराकडे पाटे नेले. नुसते वर बसवून भागत नाही, त्यांना बाक जास्त द्यायला हवा. छगनकाकाचं वय सत्तर, पण घण अजून नेमका पडतो. पाटे लाल झाल्यावर मी पाण्याची बादली पुढे सरकवली तर खेकसला.

"मान्साला प्यायला न्हाई अन् लोकंडाला पाजतूस व्हय? त्येल आन. पाटा तेलातच चांगला हुतो."

दिवसभरात चार पाटे झाले. जाताना म्हणाला, "श्रीमंता, येवडं करून ह्ये जानार कुटं?" पुष्पावतीचाच प्रश्न. या गावाला दुसरा प्रश्नच येत नाही.

३ डिसेंबर

एक काम केलं की चार बिघडतात. अंग वर गेलं तर ब्रेकचे पाईप आखूड पडले. स्टिअरिंगचा दांडा तिरका झाला, गाडी सरळ चालेना. चाकांना ओढ देणाऱ्या शाफ्टला एवढा उतार आला की इंजिन चालू केल्यावर सगळी गाडी ताप आल्यासारखी कापू लागली. शेवटी पाट्यांखाली लोखंडी पाचरी घालून आक्सल थोडा फिरवला आणि कापणं थांबलं. त्या क्षणी शेडमध्ये मी एकटा होतो. एवढं चांगलं काम आयुष्यात केलेलं नाही, आणि बघायला कोण, तर टायरवर बसलेली कोंबडी.

१५ डिसेंबर

मोठे टायर बसले. मडगार्ड कापावे लागले. आता गाडीत चढायचं तर पायरी लागते. बाजारातले लोक थांबून बघतात. एक जण म्हणाला, उंटासारखी दिसते. दिसू दे.

२६ डिसेंबर

गेली. गेली. गेली.

पहिली पायरी सहज. म्हसोबापाशी उतरलो, खडक हाताने चाचपला, दगडाला नमस्कार केला आणि पुढच्या चाकांना ओढ दिली. पुढची चाकं चढली, गाडी आकाशाकडे बघायला लागली. मग मागची चढली. गोळा खडकापासून बोटभर वरून गेला. मागे वळून खाली वाकून बघितलं, खडकावर ओरखडासुद्धा नव्हता.

सगळी वाडी धावत आली. दाजीची आई राहीबाई, ऐंशीच्या पुढची, लग्न होऊन वर आली ती एकदाही खाली उतरलेली नाही. तिने चाकाला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाली, "बाबा, मी मेल्यावर मला इच्यात न्हेऊ नगंस, मला हितंच जाळा." सगळे हसले. आक्काच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. लिहायला लाज कसली.

आणि दाजी काय करत होता? तो गाडी बघायलाच आला नाही. वाडीच्या तोंडाला जिथे फुफाटा आहे तिथे उभा राहून माझ्या चाकांचे माग पायाने बुजवत होता. एकेक माग, सावकाश. एवढा जळका माणूस मी पाहिलेला नाही.

११ जानेवारी १९७३

जामखेडला जाऊन साहेबांना भेटलो. रस्त्यांची यादी हेच करतात. मी म्हटलं, साहेब, चालायला नको, गाडी वाडीच्या चावडीपुढे उभी करतो. त्यांना आधी खरं वाटेना. मग खुर्चीतून उठून बाहेर आले, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "मिस्त्री, हे तुम्ही केलंत?" अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी येतात.

१८ जानेवारी

उद्याची तयारी. साहेबांच्या बैठकीवर नवी गादी, आत काथ्या, वरून रेक्झिन. मागच्या पाट्यांमधली एक एक पट्टी काढली, म्हणजे गाडी मऊ चालेल. ओढ्यातले मोठे सुटे धोंडे जाऊन बाजूला केले. दुपारभर उन्हात धोंडे ढकलत होतो तर दाजी वरून बघत बसला होता. हात लावायला आला नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवस लिहायला जागा पुरणार नाही.

साहेब, त्यांचा ड्रायव्हर कानिफनाथ आणि मी. पायथ्यापाशी साहेबांनी दोन्ही हातांनी दांडा धरला, म्हसोबापाशी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा गाडी वर होती. म्हणाले, "अरे, हे तर काहीच नाही." नंतर सगळा वेळ ते मला गाडीचंच विचारत होते. पाटे, पाचरी, सगळं समजावून सांगितलं. कानिफनाथ स्वतः चांगला जाणकार आहे. तो खाली वाकून बघून म्हणाला, "मिस्त्री, मानलं तुमाला."

वर दाजीने बायामाणसं जमवून ठेवली होती. साहेब उतरले, दहा मिनिटं उभे राहिले. दाजी म्हणाला, "सायेब, जाताना जरा चालत उतरावं." साहेब हसले. "कशाला? गाडी आहे की."

दाजी पाठ फिरवून बायांकडे गेला.

खाली आल्यावर मी साहेबांना म्हटलं, चार ओळी लिहून द्या, शेडमध्ये लावतो. त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून लगेच लिहिलं. तसंच उतरवून घेतो: "आज रोजी मिस्त्री श्रीमंत यांच्या वाहनाने कपारवाडी येथे जाऊन आलो. वाहन कोणताही त्रास न होता थेट वस्तीपर्यंत पोचले. मिस्त्रींचे कौशल्य वाखाणण्याजोगे आहे." आणि खाली सही, शिक्का.

उद्या काच बसवून घेतो.

१४ फेब्रुवारी

यादी लागली. कपारवाडीचं नाव नाही.

सकाळी वाचली, दुपारी परत जाऊन वाचली. तालुक्यातले नऊ रस्ते आहेत. कपारवाडी नाही.

१६ फेब्रुवारी

जामखेडला गेलो. साहेब दौऱ्यावर. कारकुनाने कागद काढून दाखवला. कपारवाडीपुढे लाल शाईत: "वाहन पोचते. तातडी नाही."

मी म्हटलं, वाहन पोचतं म्हणजे माझं एकच पोचतं. तो म्हणाला, "एक काय नि दहा काय, पोचतं ना? साहेब स्वतः जाऊन आले. आणि तुम्हीच तर नेलंत."

कुणीतरी आतून फिरवलेलं आहे. पलीकडच्या गावच्या लोकांनी वजन टाकलं असणार. किंवा दाजीचं बोलणं साहेबांना झोंबलं असेल. चालत उतरा म्हणे. साहेबाशी असं बोलतात का? वाडीवाल्यांनी त्यांना धड चहासुद्धा दिला नाही, गुळाचा काळा चहा पुढे केला.

१७ फेब्रुवारी

काल लिहिलं ते परत वाचलं. ते खोटं आहे. शेडमध्ये बसलो होतो आणि समोर भिंतीवर काचेत तो कागद. वाहन कोणताही त्रास न होता थेट वस्तीपर्यंत पोचले. लाल शाईतलं आणि हे एकाच माणसाचं वाक्य आहे, आणि ते मी मागून घेतलंय.

२२ फेब्रुवारी

आक्का आली. पाच मैल चालत, डोक्यावर रिकामा हंडा. जाताना भरून न्यायचा म्हणून. बसली नाही. गाडीकडे बघितलं नाही.

"श्रीमंता, यादीत नाव न्हाई म्हनं."

"आक्का, मी जाऊन आलो. मी परत..."

"तुला मी ल्हानपनी काकंत घिऊन फिरले म्हनून इचारते. दाजी तुला सांगत हुते का न्हवते, सायबाला चालत आना म्हनून?"

"हुते."

"मंग?"

सांगू का की मला त्या साहेबाच्या तोंडून चांगलं म्हणवून घ्यायचं होतं?

"हात दाखवून अवलक्षण," ती म्हणाली. रागाने नाही. दमलेल्या माणसाचं असतं तसं. "आमी सोमवारी निगालो. तलावाच्या कामावर. समदी वाडी."

पुष्पावतीने तिला भाकरी खायला घातली. मी बाहेरच उभा राहिलो.

२६ फेब्रुवारी, सोमवार

पायथ्याला गाडी घेऊन गेलो. म्हटलं, निदान सामान तरी पोचवू. साठ घरांतली चाळीसेक निघाली होती, बाकीची गुरं राखायला मागे थांबली. पाटा-वरवंटा, हंडे, कोंबड्या. दाजीने राहीबाईला पाठीवर घेतलं होतं, धोतराने बांधून, पोराला बांधतात तसं. म्हातारी मान टाकून होती. दाजीच्या घरात तिला बघायला मागे कुणी उरत नव्हतं.

मी गाडीचं मागचं फळकं खाली पाडलं. "दाजी, आईला तरी द्या. नऊ मैल हायेत."

दाजी थांबला. घाम नाकावरून गळत होता. म्हणाला, "तुमच्या गाडीचे आमच्यावर लई उपकार झाले, श्रीमंतराव. आता पुरे."

आणि चालत गेला. त्याच्या मागून सगळे. एकाने गाडीत गाडगं ठेवलं नाही. मी फळकं लावलं आणि रिकामी गाडी घेऊन परत आलो. पुष्पावती म्हणाली, "काय झालं?" मी उगीच तिच्यावर ओरडलो.

१४ मार्च

राहीबाई गेली. कामावरच्या झोपडीत. हगवण लागली, तिसऱ्या दिवशी संपली. मी पोचलो तेव्हा तलावाच्या खोदलेल्या मातीपलीकडे जाळून झालं होतं. वाडीची माणसं सोडली तर एवढ्या गर्दीत ती कुणाच्या ओळखीची नव्हती. मुकादमाने विचारलं, मस्टरवर होती का? नव्हती म्हटल्यावर तो निघून गेला.

तिने मला एकच गोष्ट सांगितली होती. मला इथंच जाळा.

दाजी माझ्याशी बोलला नाही. निघताना आक्का मागे आली. म्हणाली, "सायबाला येकडाव परत वर आन. आमी बाया जाऊन थांबतो वर. त्याच्या पाया पडतो. बाया रडल्या की बाप्याचं मन हालतं."

हालत नाही, आक्का. मी त्याच्या शेजारी बसून आलोय. त्याला वरून खालचा मुलूख दिसला, झाडं दिसली, गाडी दिसली. बाया दिसल्याच नाहीत.

२१ मार्च

जामखेड. दाजीच्या नावाने फेरपाहणीचा अर्ज मीच लिहून दिला. साहेब म्हणाले, "पुन्हा कशाला? बरं, तुमची गाडी असेल तर येतो, चालत मी येणार नाही." मग मला जवळ बोलावून म्हणाले की अशा आणखी चार वाड्या आहेत, तिथेही तुमचीच गाडी नेऊ, म्हणजे कामं उरकतील.

कामं उरकतील, म्हणजे त्या चार वाड्यांचीही नावं खोडतील.

तिथेच मला काय करायचं ते कळलं. साहेब दहा एप्रिलला येतात.

२ एप्रिल

दुसरा मार्ग आहे का, ते शोधतोय. पुढच्या चाकांची ओढ लावायचीच नाही. पण कानिफनाथ शेजारी असणार, त्याला ओढीचा दांडा कळतो. पेट्रोलमध्ये कचरा. तो पाच मिनिटांत साफ करील. साहेबांना खरं सांगायचं? काय सांगू? की साहेब, तुम्ही बघितलं ते खरं धरू नका? ते म्हणतील, डोळ्यांनी बघितलंय.

गाडी खरोखरच चढू शकत नाही, अशी व्हायला हवी. दुसरं काही चालणार नाही.

८ एप्रिल, रविवार

दिवसभर शेडचं दार लावून काम केलं. मोठे टायर काढले. पाचरी काढल्या. छगनकाकाने बाक दिलेले पाटे आक्सलच्या वरून काढून पुन्हा खाली बांधले, जुने होते तसे. लहान टायर चढवले. जोडायला दोन महिने लागले होते, सोडवायला एक दिवस पुरला. पाचरी हातात घेऊन बराच वेळ बसलो. अशा पाचरी पुन्हा कुणी करायला सांगणार नाही.

पुष्पावती दुपारी भाकरी घेऊन आली. दार ढकलून आत आली, गाडीकडे बघितलं, मोठ्या टायरांकडे बघितलं. ही बाई मिठाची पुडी बदलली तरी शंभर प्रश्न विचारते. आज काहीच विचारलं नाही. भाकरी ठेवली आणि जाताना दार आतून लावून घ्या म्हणाली. तिला गाडीतलं काही कळत नाही ते एक बरं.

१० एप्रिल, मंगळवार

पहिल्या पायरीला गाडी कशीबशी चढली. म्हसोबापाशी गोळा खडकाला असा बसला की खाली घंटा वाजल्यासारखा आवाज झाला. मागे घेतली, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा मागची चाकं हवेत फिरू लागली.

कानिफनाथ खाली उतरून वाकला. बराच वेळ वाकून होता. "मिस्त्री, मागच्या खेपेला गाडी उंच हुती."

"पाटे बसले," मी म्हटलं.

"तीन म्हैन्यात?"

"माल हलका हुता."

आजवर माझ्या कामाला मी हलकं म्हटलं नव्हतं, दुसऱ्या कुणाला म्हणू दिलं नव्हतं. सुपरवायझरच्या तोंडावर पान्हा फेकला तो याच शब्दावरून. हो, फेकला होता, आणि म्हणून काढलं मला. आज लिहून टाकतो.

कानिफनाथने माझ्याकडे बघितलं आणि साहेबांना म्हणाला, "गाडी काय जात न्हाई, सायेब. आपली दोन पायांची गाडीच बरी."

साहेब आधी मला बोलले. नालायक, फसव्या, लोकांच्या जिवाशी खेळतोस. बोलू दिलं. परत फिरायचं तर गाडी अडकलेली, पायथ्यापर्यंत उन्हात उतरायचं; वर जायचं अंतरही तेवढंच, आणि तिथे निदान पाणी होतं. आणि वरून आक्का आणि बाया हाका मारत होत्या. साहेब चढायला लागले. दुसऱ्या वळणावर बूट घसरून गुडघ्यावर पडले, विजार फाटली. पुढे तीनदा बसले. एक बाई डोक्यावर हंडा घेऊन त्यांना ओलांडून वर गेली तेव्हा त्यांनी मान वर करून बघितलं. "ह्या रोज असं जातात?" त्यांनी विचारलं. अर्जदार म्हणून बरोबर असलेला दाजी म्हणाला, "दोन खेपा. दिवसाला."

वर पोचल्यावर साहेबांना बोलवेना. आक्काने लोटीभर पाणी दिलं. बाया रडल्या नाहीत, कुणी पाया पडलं नाही. त्याची गरजच पडली नाही.

उतरल्यावर साहेब त्यांची गाडी घ्यायला माझ्या शेडमध्ये आले, भिंतीवरचा कागद काचेसकट काढून घेतला.

२४ एप्रिल

कपारवाडीचा रस्ता मंजूर. शेरा कारकुनाने वाचून दाखवला: "वाहन पोचत नाही. पूर्वीचा शेरा वाहनचालकाच्या दिशाभुलीमुळे सदोष." चार वाड्यांची फेरीही रद्द झाली.

माझ्या शेडला पंधरा दिवसांत एक सायकल आली, पंक्चरला. साहेबाला डोंगरात पाडणारा मिस्त्री म्हणून जामखेडपर्यंत नाव झालंय. कुणाला सांगायची सोय नाही. एका तोंडाला कळलं की दहा दिवसांत साहेबाच्या कानावर जाईल आणि लाल शाई पुन्हा फिरेल. रस्ता पुरा होईपर्यंत तरी नाही. नंतरही कशाला.

१३ मे

चालत कपारवाडीला गेलो. पायथ्यापासून काम सुरू झालंय. वाडीतली सगळी घरं उघडली आहेत, दाजीचंही. आक्का खडी फोडत बसली होती, डोक्याला फडकं, हाताला चिंध्या. आजूबाजूला वाडीच्या वीसेक बाया. मला बघून एकीने दुसरीला कोपर मारलं.

आक्का हसली. लई दिवसांनी. "ये बस. गाडी कुटं हाय?"

"शेडमदी."

"न्हाईच चढली ना शेवटी." ती म्हणाली, आणि आवाज खाली आणून, "वाईट वाटून घिऊ नगं. बरंच झालं तुला जमलं न्हाई. जमलं असतं तर आमी अजून त्या तलावावर असतो."

दाजी पहार टेकून उभा होता. फेब्रुवारीपासून माझ्याशी पहिल्यांदा बोलला. "खरं हाय. देव कवा कवा अडानी मिस्त्रीच्या हातनं बी काम करून घेतो."

बाया खदखदून हसल्या. आक्काही. मी पाटे सांगू शकलो असतो, पाचरी सांगू शकलो असतो, रविवारचा तो सगळा दिवस सांगू शकलो असतो. तोंडापर्यंत आलं होतं. कारकून मस्टर घेऊन पाच हातांवर बसला होता.

"व्हय, दाजी," मी म्हटलं. "मला जमलंच न्हाई."

दाजीने मान हलवली आणि माझ्या हातात एक घण दिला. संध्याकाळपर्यंत मी म्हसोबाची पायरी फोडत होतो.